पहिल्या वेताची कांडी

माझी बायको पाहुण्यांना माझी ओळख करून देताना सांगते, "ह्यांनी जन्मभर लग्नं जुळवली, पण एकाही लग्नात जेवले नाहीत." नवख्या माणसाला वाटतं, मी वधूवर सूचक मंडळ चालवत होतो. तो आपल्या भाचीची पत्रिका काढायच्या बेतात असतो, तेवढ्यात ती खुलासा करते, "गाईंची हो!" मग पाहुण्याचा चहा अर्धा घशात आणि अर्धा बशीत.

तिचं म्हणणं तसं खरंच आहे. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. एवढा लांबलचक शब्द उच्चारायची तसदी पेण-रोह्याच्या गावांत कुणी घेतली नाही. सगळे मला 'डाक्टर' म्हणत. खरे डॉक्टर, म्हणजे पदवीवाले, तालुक्याच्या दवाखान्यात बसत. मी आधी सायकलवर आणि पुढे मोपेडवर गावं पालथी घालत असे. लसी टोचायच्या, जखमा धुवायच्या, आणि मुख्य म्हणजे कृत्रिम रेतन करायचं. गाय माजावर आली की घरच्यांनी निरोप धाडायचा आणि मी जाऊन कांडी भरायची.

कांडी म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शाईच्या रिफिलीसारखी एक बारीक प्लास्टिकची नळी, तिच्यात वळूचं बीज. ते गोठवून एका जाड जारमध्ये ठेवतात. जारात इतका थंड द्रव असतो की झाकण काढलं की पांढरी वाफ उसळते. कांडी चिमट्याने काढायची, कोमट पाण्यात जरा वेळ धरायची आणि लगेच गाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी नेऊन सोडायची. काम पाच मिनिटांचं. त्याआधीचं काम मात्र पाच मिनिटांचं नाही. कोणत्या गाईला कोणत्या वळूची कांडी भरायची, हे ठरवायचं असतं.

हा जार एसटीने नेणं हा एक वेगळाच उद्योग होता. पेणच्या स्टँडवर मी तो घेऊन गाडीत चढलो की कंडक्टर विचारायचा, "काय हाय त्यात?" मी एकदा भोळेपणाने खरं सांगितलं, "वळू आहेत. वीस-पंचवीस." त्याने माझ्याकडे, जाराकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "मग तिकिटं पूर्ण का अर्धी?" रोह्यापर्यंत सगळी गाडी हसत होती. त्यानंतर मी "दवाखान्याचं औषध" एवढंच सांगू लागलो.

वळू निवडायचा म्हणजे लोकांची समजूत अशी की सगळ्यात मोठा, सगळ्यात उमदा, ज्याच्या आईने बादल्या भरभरून दूध दिलं तो घ्यायचा, झालं. खाण तशी माती, हे सगळ्यांना ठाऊक. मला नोकरीच्या सुरुवातीला असं वाटायचं नाही, कारण माझ्या पहिल्या दवाखान्यात कांड्या नव्हत्या, जिवंत वळू होता. सरकारी वळू. त्याला लाकडी खोड्यापाशी आणायचा, गाय खोड्यात उभी करायची. हा प्राणी एवढा अवजड होता की गावठी कालवड त्याच्या वजनानेच बसायची. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "जोडा बघून द्यावा, हे माणसाला कळतं. सरकारला कळायला वेळ लागतो."

कांडीमुळे वजनाचा प्रश्न सुटला. पोटातल्या वासराचा प्रश्न राहिला. वळू मोठा तर वासरू मोठं. चार वेतं झालेल्या गाईला ते झेपतं. तिची हाडं सैलावलेली असतात, वाट मोकळी झालेली असते. पहिलारू कालवडीचं तसं नसतं. ती स्वतःच अजून वाढत असते. तिच्या पोटात दांडग्या वळूचं वासरू घातलं तर नऊ महिने सगळे खूश असतात आणि दहाव्या महिन्यात दारात रडारड होते. म्हणून पहिल्या वेताला असा वळू बघायचा, की ज्याची वासरं जन्मताना लहानखुरी, डोक्याने निमुळती असतात. जर्सीची बहुतेक तशी असतात. त्यांतही काही वळूंची अधिक हलकी. दूध मागाहून वाढवता येतं. आधी दोन जीव वेगळे झाले पाहिजेत.

एवढं साधं गणित लोकांच्या गळी उतरवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. काहींना वर्षाच्या आतली कालवड गाभण हवी असायची. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांच्यासाठी मी खिशात सुतळी ठेवायचो. तिला एक गाठ मारलेली. कालवडीच्या छातीभोवती सुतळी गुंडाळायची, गाठीपर्यंत घेर भरला तर बोलायचं, नाहीतर पेंड घाला आणि पुढल्या वर्षी बोलवा. ह्या सुतळीला पेण तालुक्यात 'डाक्टरची मुंज' म्हणत, का ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि काहींना रंगरूप हवं असायचं. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यातले एक मूर्तिकार गाय पाळून होते. त्यांनी एकदा मला शाडूच्या मातीचं हातभर वासरू करून दाखवलं. कपाळ रुंद, कान आडवे, डोळे अगदी रेखीव. म्हणाले, "असं पायजे. ह्यात बसणारा वळू काढा." मी म्हटलं, "दादा, वळू अर्धाच हातभार लावतो. बाकीचं गाय आणि देव." वासरू झालं ते लांबट तोंडाचं. मी आठवडाभर त्या गल्लीतून गेलो नाही. मग गेलो, तर त्यांनी मातीच्या वासराचं तोंड ओढून लांबट केलं होतं आणि ते दुकानात मांडलं होतं. "ह्येच बरं दिसतं," म्हणाले. असं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट चांदीची.

चांदी म्हणजे एक कालवड. गावठी आईची, संकरित बापाची, राखाडी पांढरी. ती रोह्याकडच्या हिराबाईंच्या गोठ्यात जन्मली आणि त्यांच्या लेकीबरोबर, सुगंधाबरोबर, आंदणात पेण तालुक्यात आली. गडबच्या आत खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावात. लग्नात लेकीला कालवड द्यायची चाल तेव्हा रोह्याकडच्या काही घरांत होती. त्याला एक शेपूटही होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची, तशीच तिची कालवडही पहिल्या वेताला माहेरी यायची. व्यायली, वासरू उभं राहिलं, की गाय-वासरू लेकीच्या मागोमाग सासरी रवाना. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग पटलं. पहिलटकरणीला ओळखीचा गोठा बरा, मग ती दोन पायांची असो की चार.

सुगंधाचे सासरे महादू आबा. गावात मानाचा माणूस, भातशेती बऱ्यापैकी, बैलांची दांडगी हौस. बायको जाऊन वर्षं झालेली. मुलगा डोलवीकडे कंपनीत कंत्राटावर, शिफ्ट संपली की जेवून झोपणारा आणि "आबा सांगतील ते" एवढंच बोलणारा. एके दिवशी सकाळी आबांचा निरोप आला, कालवड माजावर आलीय, लगेच या.

मी पोचलो तेव्हा घरात पाहुणी होती. हिराबाई सकाळच्या गाडीने आल्या होत्या. सुगंधाला तिसरा महिना होता. घरात सासू नाही, म्हणून चोरओटी भरायला आईच आली होती. तोंडाने कुणी काही सांगत नव्हतं, पण ओट्यावर खण, नारळ आणि तांदूळ दिसत होते, आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्याचा धंदाच गाभणपण ओळखण्याचा, सांगावं लागत नाही.

गोठ्यात चांदी दाव्याला ताणे देत होती, हंबरत होती. मी सुतळी लावली. घेर भरला. माज पक्का होता. मग मी तिच्या मागे उभा राहून कमरेची हाडं हाताने चाचपली. एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत माझी वीत जेमतेम भरत होती. कालवड निरोगी, पण कंबर अरुंद.

आबा म्हणाले, "डाक्टर, त्या डब्यात सगळ्यात मोठ्ठा वळू असंल तो काढा. शेजाऱ्याकडं काळ्यापांढऱ्याची कांडी भरली, बादलीला फेस मावत नाय."

मी म्हटलं, "आबा, शेजाऱ्याची गाय चौथ्या वेताची. ही पहिलारू. हिला जर्सीची लहान वासरांची कांडी भरू. पुढच्या वेताला तुम्ही म्हणाल ती."

"म्हंजे आता एक वेत फुकट?"

"फुकट कसं? गाय मोकळी होईल, दूध देईल, तिची वाट तयार होईल."

"पी हळद नि हो गोरी असं मी बोलत नाय डाक्टर. पन नऊ महिने खिलवायचां नि शेळीयेवढां वासरू बघायचां?" आबांनी पंचा खांद्यावर टाकला. "तुमच्याच्यानं व्हत नसंल तर ऱ्हाऊ द्या. पलीकडच्या गावात एकानं वळू पाळलाय. हत्ती हाय हत्ती. दुपारी हिला तिकडं नेतो."

हे नुसतं धमकावणं नव्हतं. तो वळू मी पाहिला होता. आणि माज काही माझी वाट बघत थांबणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तो ओसरणार. मी जार उचलून निघून गेलो असतो तर माझा मान राहिला असता आणि चांदी संध्याकाळी त्या हत्तीसमोर उभी असती. तेवढ्यात ओट्यावरचा खण दिसला आणि ती चाल आठवली.

"आबा," मी म्हटलं, "ही व्यायला कुठे जाणार?"

"माहेरी. रीतच हाय त्यांची."

"मग अडली तर कुणाच्या गोठ्यात अडणार? रात्रंदिवस कोण बघणार? पहिलं बाळंतपण माहेरचं, तर पहिली कांडीसुद्धा माहेरच्यांना विचारून भरायला नको?"

आबा थबकले. मुद्दा रीतीचा होता, आणि रीत म्हटली की त्या पिढीची माणसं ऐकून घेत. "बरां," ते म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही बोला."

मी मनात खूश. हिराबाई गाईगुरांतली बाई, स्वतः चांदीची नाळ कापलेली. ती माझ्याच बाजूने बोलणार. हिराबाईंनी पदर सावरला, चांदीकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि म्हणाल्या, "मोठाच भरा, डाक्टर."

मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"माज्या लेकीला सासरी मान पायजे. बादलीभर दूध निंगालं तर तिचा शबुद चालंल. दुभत्या गायीच्या लाथा बी गोड लागतात, डाक्टर. मी आय हाय, मला ह्येच बघायला लागतंय."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की झाली ना तुमची रीत? मी चिमटा हातात घेऊन उभा. दोन्ही घरं मोठ्या वळूच्या बाजूने, आणि विरोधात मी एकटा. आणि कदाचित चांदी. पण तिला मत नव्हतं.

सुगंधा तोवर एक शब्द बोलली नव्हती. सासऱ्यासमोर बोलायची पद्धत नव्हती, आईसमोर बोलायचा धीर नव्हता. चांदीचं दावं तिच्या हातात होतं. तिने गाईच्या गळ्याखाली हात फिरवला आणि तिच्या कानाशी बोलू लागली. पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"गप गो चांदे. हालू नको. तुला कोन इचारत नाय, मला बी कोन इचारत नाय. मोठ्ठां वासरू पोटात वाढलां नि तू आडलीस, तर आबा बोलतील माहेरच्यांनी मारली. आय बोलंल सासरच्यांनी मारली. दोघांना भांडायला बरां. मरनार कोन? तू. नि जन्मभर दोन्हीकडचां ऐकून घेनार कोन? मी."

लेकी बोले सुने लागे, हे मी ऐकून होतो. इथे सून गाईला बोलत होती आणि लागत होतं सासऱ्याला. तीच गोष्ट ती आबांना बोलली असती, तर आबांनी तिला दोन शब्द सुनावले असते. पण गाईला बोललेल्याला उत्तर कसं द्यायचं, हे कुठल्याच रीतीत सांगितलेलं नाही. हिराबाई डोळ्याला पदर लावून ओट्याकडे वळल्या. आबा खांबाला टेकून तंबाखू मळत राहिले, चांगली पीठ होईपर्यंत मळली, आणि मग तोंडात न टाकताच झटकून दिली.

"भरा डाक्टर," ते म्हणाले. "चांदीच्या मनातला भरा."

मी लगेच जार उघडला. त्यांचं मन पुन्हा फिरायच्या आत जर्सीची कांडी पाण्यात धरली. एवढ्या घाईने मी कधी काम केलं नसेल. मी हात धुत असताना आबा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पुढलां वेत माजां. आन ऐका. मरतुकडां निंगालां तर ह्या गावात पाय ठेवायचा नाय तुम्ही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पावसाळ्यापूर्वी माझी बदली रोह्याला झाली. बायको म्हणाली, "आता त्या चांदीचं काय झालं ते आपल्याला कळायचं नाही." मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसं वाटलं. पण सातव्या महिन्यात सुगंधा एसटीने माहेरी आली आणि तिच्या मागोमाग चांदी टेंपोतून. म्हणजे दोघी माझ्याच हद्दीत. मी भरलेली कांडी माझ्याच पुढ्यात उगवणार होती. माझ्या धंद्यात असं फार कमी वेळा होतं. एकाने पेरायचं आणि भलत्यानेच कापायचं, हाच नेम.

सुगंधाला मुलगी झाली. बारसं झालं. तिसरा महिना झाला तसे आबांचे निरोप येऊ लागले, सुनेला धाडा. सुगंधाने उलट निरोप धाडला, चांदी सुटल्याशिवाय मी निघणार नाही.

भातकापणी ऐन भरात होती, दिवाळी तोंडावर आलेली, तेव्हा दुधवाल्याबरोबर सांगावा आला. गाय सकाळपासून कळा देतेय, काही होत नाही. मी पोचलो तो घरात फक्त हिराबाई आणि सुगंधा. बाकी सगळे खाचरात. अंगणात चांदी आडवी पडली होती. वासराचं नाक दिसत होतं आणि एक पाय. एकच.

वासरू सरळ येतं तेव्हा पुढचे दोन्ही पाय आधी आणि त्यांच्यावर डोकं टेकलेलं, पाण्यात सूर मारणाऱ्यासारखं. इथे एक पाय गुडघ्यात दुमडून मागेच राहिला होता. ह्यात वळूचा दोष नाही, माझाही नाही. लहान वासरूही असं येऊ शकतं. हे मला कळत होतं. पण ओटीवर तीन महिन्यांची मुलगी मांडीवर घेऊन बसलेली सुगंधा माझ्याकडे बघत होती.

हिराबाई म्हणाल्या, "तालुक्याच्या डाक्टरला आनू का?"

"माणूस धाडा. पण ते येईस्तोवर थांबता यायचं नाही."

मी शर्ट काढला, हात खांद्यापर्यंत साबणाने धुतला, खोबरेल चोपडलं. कळ थांबली की वासराला हळूच मागे ढकलायचं, जागा करायची, आणि त्या जागेत दुमडलेला पाय सरळ करायचा. खूर तळहातात झाकून धरायचा, नाहीतर तो आतून फाडतो. हे सगळं न बघता, नुसत्या बोटांनी. मी हात आत घातला आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की जागा आहे. फार नाही, माझी मूठ फिरेल एवढीच. पण आहे. त्या अरुंद कमरेत दांडगं डोकं अडकलेलं असतं तर माझी दोन बोटंही शिरली नसती. मला तेव्हा एवढा आनंद झाला, की मी मोठ्याने म्हणालो, "आहे! जागा आहे!" हिराबाईंना वाटलं असेल, माणूस चळला.

दोनदा पाय निसटला. चांदीने कळ दिली की माझा हात हाडांमध्ये चेमटायचा आणि डोळ्यांपुढे तारे. सुगंधा मुलीला ओटीवरच्या पाळण्यात ठेवून खाली आली, चांदीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि पुन्हा तिच्याशी बोलू लागली. ह्या वेळी हळू. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. तिसऱ्या खेपेला खूर तळहातात बसला आणि पाय सरळ झाला. मग दोन्ही पायांना दोरी बांधून, कळ आली की खाली ओढायचं, थांबली की थांबायचं. वासरू सुळकन बाहेर आलं ते पेंढ्यावर निपचित पडलं. मी गवताची काडी त्याच्या नाकात घातली, हिराबाई गोणपाटाने अंग घासू लागल्या. वासराने एक शिंक दिली. अशी शिंक ऐकायला मी कितीही मैल मोपेड दामटली असती.

कालवड होती. लहानखुरी, तांबूस, कपाळावर बोटाएवढा ठिपका. तासाभरात धडपडत उभी राहिली आणि चीक प्यायला लागली. चांदी तिला चाटत होती.

हिराबाई पायरीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "डाक्टर, मी बोलले तो मोठा भरला असता तर?"

मी बादलीत हात धुवायला घेतले. त्या उठल्या, लेकीजवळ गेल्या आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. शेणामातीने भरलेले तिचे हात दोन्ही बाजूंना तसेच.

दिवाळी झाल्यावर आबा नातीला आणि वासराला बघायला आले. मीही मुद्दाम गेलो. म्हटलं, काय व्हायचं ते समोर होऊ दे. आबांनी नातीला घेतलं, मग गोठ्यात जाऊन वासराभोवती दोन फेऱ्या मारल्या. "येवढीशी?" ते म्हणाले. वासराने त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात धरून ओढला. "जोर हाय पन," आबा म्हणाले, आणि चांदीच्या दुधाची खीर दोनदा मागून खाल्ली. माझ्या गावबंदीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढलं वेत त्यांचं होतं, ठरल्याप्रमाणे. माझ्या पेणच्या सहकाऱ्याने काळ्यापांढऱ्या वळूची कांडी भरली. तोवर चांदी अंगाने भरली होती, वाट मोकळी झाली होती. मोठं वासरू सहज झालं आणि बादलीत फेस मावेना. आबा चार गावांत सांगत फिरले, "मी बोललोच व्हतो!" बोलले होतेच. मी कधी नाही म्हटलं?

आता त्या रस्त्याने गेलं की वाईट वाटतं. बरीचशी खाचरं गेली. पोरं कंपनीत लागली, त्याचं मला वाईट वाटत नाही, पगार कुणाला नको? पण गोठ्यांच्या जागी मोटरसायकली उभ्या असतात आणि दूध पिशवीतून येतं. कांडीला निरोप धाडणारी घरं हाताच्या बोटांवर. माझा जार खात्यात जमा केला त्या दिवशी त्यातला द्रव संपत आला होता. मी लाकडी पट्टी बुडवून बघितली, तर तळाशी हिमाची जराशीच पांढरी रेघ उमटली.

आबांच्या घरी मात्र चांदीचा वंश टिकला. त्यामुळे निवृत्तीनंतर मला त्या घरून आमंत्रण आलं ते लग्नाचं. सुगंधाची ती मांडीवरची मुलगी, रेश्मा, तिचं लग्न. आबा खूप थकले होते, कानाला कमी ऐकू यायचं, पण मांडवात खुर्ची टाकून बसले होते. पंगतीत मी आणि बायको शेजारी शेजारी. बायको माझ्या कानात म्हणाली, "जेवा आता. ह्या लग्नाला तुम्ही कारण नाही." मी म्हटलं, "थोडासा आहे." 

जेवणं चालू असतानाच आंदणाची कालवड मांडवाच्या कडेला आणून बांधली. चांदीच्या नातीची नात असेल. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर तोच बोटाएवढा ठिपका. नवऱ्यामुलाचे वडील खूश झाले. माझी ओळख कुणीतरी करून दिली होती. ते पंगतीपाशी येऊन म्हणाले, "डाक्टर, तुम्ही जानकार. हिला सगळ्यात मोठा वळू कंचा भरायचा ते सांगून ठेवा."

मी तोंडातला घास संपवत होतो. तेवढ्यात आबांचा आवाज आला. ज्यांना एरवी शेजारी बसून ओरडावं लागतं, त्यांना हे बरोबर ऐकू गेलं होतं.

"थांबा व्याही. पहिल्या वेताची कांडी पोरीला इचारून भरायची. जिची कालवड तिला इचारायचां. आमच्याकडं रीत हाय."

"अशी रीत आम्ही कंधी ऐकली नाय, आबा."

"लई जुनी हाय. माज्या आज्यापासून." आबांनी काठी माझ्याकडे रोखली. "खोटां वाटंत असंल तर डाक्टरांना इचारा."

सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. सुगंधा जिलेबीचं ताट घेऊन वाढत होती, ती तिथेच थांबली. चाळीस पन्नास माणसांत ती रीत कधी आणि कशी सुरू झाली, हे डोळ्यांनी पाहिलेले आम्ही तिघंच उरलो होतो.

"आहे," मी म्हणालो. "फार जुनी रीत आहे."

व्याही हसले, मान डोलावली, आणि शालूत बसलेल्या नव्या सुनेकडे वळले. "मग बोल गो पोरी. कंचा भरायचा?"

रेश्माने कालवडीकडे जरा वेळ बघितलं. "आधी तिला वाढू द्या," ती म्हणाली. "छाती भरू द्या. मग सांगेन मी."

व्याह्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. ते हसतच होते. सुगंधा ताट घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ना पदर पुढे ओढला, ना कालवडीकडे पाहिलं. थेट त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ऐकलंत ना व्याही? ती सांगंल तवा."

"व्हय, व्हय," व्याही म्हणाले. "रीतच हाय तर."

मग ती माझ्या पानाशी आली आणि न विचारता दोन जिलब्या वाढून गेली. मी दोन्ही खाल्ल्या.